फतकल्याची पडताळणी

साहेब सराफाच्या काट्यावर शिंकले आणि तिथून सगळ्या प्रकरणाला तोंड फुटलं.

भाजीवाल्याचा काटा असता तर कोणी मनावर घेतलं नसतं. पण सराफाचा काटा म्हणजे काचेच्या पेटीत ठेवलेलं नाजूक प्रकरण, नुसत्या श्वासानेही हलणारं. साहेब वजनमापे निरीक्षक. तो काटा खरा आहे की खोटा हे तपासायला गेले होते. पेटीची काच वर सरकवली, चिमट्यात प्रमाण वजन धरलं, पारड्यावर ठेवायला वाकले, आणि नाकात सकाळपासून जे हुळहुळत होतं ते नेमकं तेव्हाच बाहेर पडलं. वजन उडून कपाटाखाली गेलं. सराफ, त्याचा भाऊ, कारागीर आणि खुद्द साहेब असे सगळे जमिनीवर पालथे पडून तांदळाएवढं वजन शोधत होते, तेवढ्यात आलेली गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरली. वजन अखेर कारागिराच्या चपलेत सापडलं. साहेबांनी काट्यावर शिक्का मारला खरा, पण सराफाच्या डोळ्याला डोळा द्यायची त्यांची हिंमत झाली नाही.

साहेब म्हणजे कोणी फार मोठा माणूस असं समजू नका. ऑफिसातला शिपाई त्यांना साहेब म्हणतो म्हणून आपणही म्हणायचं. घरात त्यांना तसं कोणी म्हणत नाही.

शिंकांना तसे बरेच दिवस झाले होते. सकाळी उठल्या उठल्या माळ लागायची, डोळे लाल व्हायचे, नाक नळासारखं गळायचं. सराफाकडचा पराक्रम मोठ्या साहेबांच्या कानावर गेला आणि त्यांनी फर्मान काढलं, आधी नाकाचा बंदोबस्त करा, मग काट्यांचा. साहेब निमूटपणे कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांच्या नाकाकडे पाहिलंच नाही. त्यांनी साहेबांच्या काळ्या पँटकडे पाहिलं.

“घरात कुत्रा आहे?”

“आहे.”

“मग झालं तर. कुत्र्याची ॲलर्जी. कुत्रा काढा, शिंका जातील,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

साहेब भडकले. उभ्या नोकरीत त्यांनी एकाही दुकानदाराचा काटा नुसता बघून खोटा ठरवला नव्हता. आधी प्रमाण वजन ठेवायचं, मग बोलायचं, हा त्यांचा धर्म. आणि हा गृहस्थ एका मुक्या जनावराला पँटवरच्या केसांवरून हद्दपार करायला निघाला होता.

त्या मुक्या जनावराचं नाव फतकल्या. मुलाची बदली झाली तेव्हा तो त्याला “थोड्या दिवसांसाठी” आईबापांकडे ठेवून गेला होता. पांढरट, बुटका, कानांना स्वतःचं मत असलेला. कुठेही, कधीही फतकल मारून बसायचा म्हणून हे नाव. साहेबांना कुत्रा नकोच होता. पण त्यांची नोकरीच अशी, की ते दुकानात शिरले की दुकानदाराचा चेहरा पडतो. चहा मिळतो, पण त्यात मनापासून काही नसतं. अशा माणसाला संध्याकाळी जिन्यात पावलं वाजताच दाराआड कोणीतरी आनंदाने वेडं होतंय हे ऐकायला मिळू लागलं, त्याला आता पुष्कळ दिवस झाले होते. साहेब हे कोणाजवळ बोलले नसते. पण त्यांचा फतकल्यावर जीव जडला होता.

बायकोचं मत मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. “मी तेव्हाच म्हटलं होतं, हे ध्यान माझ्या घरात नको म्हणून. आता डॉक्टरांनीच सांगितलं ना? मी भावाला फोन करते.”

भावाचं, म्हणजे साहेबांच्या मेहुण्याचं, फरश्यांचं गोदाम होतं. त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. जाड साखळीसुद्धा त्याने आणून ठेवली होती. झुरळ दिसलं तरी खाटेखाली जाणारा फतकल्या साखळीला बांधून फरश्यांची राखण करतोय, हे चित्र साहेबांना सहन होईना.

“पडताळणी होईल,” ते म्हणाले. “रीतसर. दोषी ठरला, तर मी स्वतः त्याला गोदामावर सोडून येईन. तोपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही.”

हे वाक्य त्यांनी घरात म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण ते म्हणाले जिन्यात, आणि जिन्यात बोललेलं सगळ्या इमारतीला ऐकू जातं. संध्याकाळच्या आत सल्लागार मंडळ हजर झालं.

पहिले खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. त्यांना कुठल्याच विषयात शंका म्हणून नसते. “निरीक्षकसाहेब, ॲलर्जी कशाची असते? केसांची! केसच नसले तर? प्रश्नच मिटला. भादरून टाका.”

समोरच्या काकूंना ते पटलं नाही. “माझ्या चुलतनणंदेला अशाच शिंका यायच्या. दमा म्हणाले, धूळ म्हणाले, कुत्रा म्हणाले. शेवटी निघाली उशी! उशी बदलली आणि बाई खणखणीत.”

“त्यांच्याकडे कुत्रा होता?”

“होता ना. तोही वारला त्याच सुमारास.”

साहेबांनी दोन्ही सल्ले मानले. निश्चय केला की मागे हटायचं नाही हा त्यांचा स्वभाव. उशा बदलल्या. मग रविवारी बाल्कनीत चादर अंथरून, हेडमास्तरांच्या देखरेखीखाली आणि त्यांच्याच जुन्या कात्रीने फतकल्याला भादरायला घेतलं. फतकल्या अर्धी पाठ संपेपर्यंत सहनशील होता. पुढे त्याने चादरीसकट घरात धूम ठोकली. सोफ्यावरून, पलंगावरून, इस्त्रीच्या कपड्यांवरून तो अर्धा भादरलेला जीव धावला. मागून कात्री घेऊन साहेब, त्यांच्या मागून सूचना देत हेडमास्तर. केस, कोंडा, सगळं घरभर झालं. उरलेला अर्धा भाग तसाच राहिला. पुढून कुत्रा आणि मागून कोकरू असं ते दिसू लागलं. बाहेर न्यायला साहेबांना लाज वाटे, आणि फतकल्यालाही वाटत असावी, कारण तो भिंतीला पाठ लावूनच चालायचा. शिंका दुप्पट झाल्या.

“केस नव्हतेच मग कारण,” हेडमास्तर न डगमगता म्हणाले. “मला शंका होतीच.”

मग साहेबांनी डोकं चालवलं. माल बाजूला काढून काटा शून्यावर येतो का ते बघतात, तसं कुत्रा बाजूला काढून नाक शून्यावर येतं का ते बघायचं. त्यांनी फतकल्याला थोड्या दिवसांसाठी मुलाच्या एका मित्राकडे पाठवलं. मेहुण्याकडे पाठवला असता तर परत मिळाला नसता. घर सुनं झालं. बायको दोन-तीनदा उगाचच बाल्कनीत जाऊन आली. आणि साहेब शिंकतच राहिले. त्यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. दर शिंकेला ते विजयी मुद्रेने बायकोकडे बघत. कुत्रा घरात नाही तरी शिंका आहेत, म्हणजे कुत्रा निर्दोष! ते मिरवत डॉक्टरांकडे गेले.

“अहो, कुत्रा गेला म्हणून त्याचा कोंडा गेला का?” डॉक्टर म्हणाले. “तो सोफ्यात, गाद्यांत, पडद्यांत महिनोन्‌महिने राहतो. तुमच्या कपड्यांवर बसून तुमच्याबरोबर ऑफिसलाही येतो. तुम्हाला एवढी खातरजमाच हवी असेल तर मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे कातडीवर चाचणी करतात.” त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

चिठ्ठीवर बाकी अक्षर लागत नव्हतं, फक्त ‘कुत्रा’ हा एकच शब्द स्पष्ट होता. त्या एका शब्दाने साहेबांचे जे हाल केले ते सरकारी नोकर असूनही त्यांनी कधी कोणाचे केले नव्हते. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठी वाचून त्यांना सरळ इंजेक्शनच्या रांगेत उभं केलं. नंबर लागला तेव्हा तिथला माणूस म्हणाला, “कुठे चावला?”

“चावला नाही.”

“मग ओरखडलं?”

“नाही हो. शिंका येतात.”

“कुत्र्याला?”

“मला!”

“तुम्हाला शिंका येतात, मग चिठ्ठीवर कुत्रा कशाला?” असं म्हणून त्याने साहेबांना जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता दिला. साहेब हट्टाने तिथेही गेले. तिथे एका म्हशीच्या मागे नंबर लागला. तिथल्या डॉक्टरीणबाई समंजस होत्या. त्यांनी विचारलं, पेशंट कुठाय? साहेब म्हणाले, मीच. बाईंनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि चिठ्ठीच्या मागे ‘ॲलर्जी विभाग’ असं ठळक अक्षरात लिहून परत पाठवलं. ॲलर्जी विभाग हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी होता. इतके दिवस साहेब त्याच्या दारावरून जाऊन रांगा लावत होते.

विभागात एक तरुण डॉक्टर होते. साहेबांनी अदबीने कागदाची पुडी पुढे केली. पुडीवर लाखेची मोहर होती.

“हे काय?”

“नमुना. कुत्र्याचे केस.”

डॉक्टरांनी हसू दाबलं. “केसांनी काही होत नाही. कारण असतं त्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात. तो स्वतःला चाटतो, ते केसांवर वाळतं आणि हवेत उडतं. भादरून काही फायदा नसतो.”

साहेबांनी भादरण्याचा विषय काढला नाही.

चाचणी कशी करणार ते डॉक्टरांनी नीट समजावलं. हातावर ओळीने थेंब ठेवायचे. धुळीतल्या किड्यांचा, परागांचा, मांजराचा, कुत्र्याचा. प्रत्येक थेंबातून बारीक टोचायचं. ज्याचं वावडं असेल तिथे गांधी उठणार, म्हणजे लाल फुगवटा. शिवाय दोन थेंब जास्तीचे. एक साध्या पाण्यासारखा, तिथे काही उठता कामा नये. दुसरा असा, की तिथे प्रत्येक माणसाला गांधी उठलीच पाहिजे.

“प्रमाण वजन!” साहेब ओरडलेच. आजवर भेटलेल्यांपैकी हा पहिला माणूस होता ज्याला कामाची रीत कळत होती.

“तसंच समजा. फक्त आठवडाभर आधी सर्दीची एकही गोळी घ्यायची नाही. घेतली तर चाचणीला अर्थ नाही,” डॉक्टर म्हणाले. बरोबर आलेल्या बायकोने दोन प्रश्न विचारले. एरवी ती असल्या ठिकाणी तोंड उघडत नसे.

तो आठवडा साहेबांनी गोळीशिवाय काढला. मोठ्या साहेबांनी त्यांना काट्यांपासून लांब, जुन्या मापांच्या कोठीत बसवून ठेवलं. ऑफिसात त्यांची शिंक ऐकून लोक घड्याळ लावू लागले. साहेबांनी दात आवळून सगळं सोसलं. फतकल्या परत आला होता आणि त्याचे केस थोडे भरले होते. साहेब रोज त्याला सांगत, “घाबरू नकोस. कायद्याने सुटशील.”

चाचणीच्या सकाळी शिंका जरा कमीच होत्या. बायकोने नेहमीपेक्षा गोड चहा करून दिला. तरुण डॉक्टर कुठल्याशा बैठकीला गेले होते. त्यांच्या जागी एक घाईतली मुलगी होती. तिने थेंब ठेवले, टोचलं, थोडा वेळ बसवलं, हात पाहिला आणि म्हणाली, “कोरा करकरीत! काही नाहीये तुम्हाला काका. सुटलात.”

सुटला! साहेब हॉस्पिटलच्या पायऱ्या तरुणासारखे उतरले. फतकल्यासाठी बिस्किटांचा पुडा घेतला. मेहुण्याला फोन लावून ती साखळी कुठे बांधायची ते सविस्तर सांगावं, असाही विचार मनात आला. बसथांब्यावर उभे राहून त्यांनी अभिमानाने आपला हात पुन्हा एकदा पाहिला. पेनाच्या खुणा ओळीने होत्या. किडे, कोरा. पराग, कोरा. मांजर, कोरा. कुत्रा, कोरा. आणि शेवटची ती खूण. जिथे प्रत्येक माणसाला गांधी उठलीच पाहिजे.

तीही कोरी होती.

बस आली. साहेब चढले नाहीत. ज्या काट्यावर प्रमाण वजन ठेवलं तरी काटा हलत नाही, त्याने मालाबद्दल कितीही चांगलं सांगितलं तरी त्याला कोण विचारणार? असले काटे त्यांनी जन्मभर जप्त केले होते. आता कोणाला कळणार होतं? घरी जाऊन हात दाखवायचा, की फतकल्या वाचला. मनात दोन्ही बाजूंनी ओढाताण चालली होती. दुसरी बस आली, तीही गेली. मग साहेबांनी स्वतःला चार शिव्या घातल्या आणि हॉस्पिटलकडे परत चालू लागले. त्यांना त्या क्षणी आपल्या प्रामाणिकपणाचा मनस्वी राग आला होता.

तरुण डॉक्टर बैठकीतून आले होते. त्यांनी हात पाहिला आणि कपाळाला हात लावला. “चांगला निकाल चुकीचा आहे म्हणून भांडायला आलेले तुम्ही पहिलेच. गोळी घेतली होती?”

“शपथेवर सांगतो, नाही.”

“मग कोणीतरी दिली,” डॉक्टर म्हणाले.

बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. फतकल्या तिच्या पायाशी, देठ पडायची वाट बघत. साहेबांनी बूटही न काढता कोरा निकाल आणि परतफेरी दोन्ही एका दमात सांगितली.

“चहात काय होतं?”

बायकोने मान वर केली नाही. “साखर.”

“आणि?”

“गोळी. कुटून. काल आणि आजही.” मग एकदम उसळून म्हणाली, “मी विचारलं होतं त्या डॉक्टरला, गोळी घेतली तर काय होतं म्हणून. ते म्हणाले, काहीच उठत नाही. मग म्हटलं, नाही उठलं तर बरंच की!”

“माझ्या घरात काट्याशी छेडछाड? माझ्या? गुन्हा आहे हा!”

“मग पकडा मला. तुम्ही सकाळी जाता ते दिवेलागणीला येता. मुलगा फोनवर ‘बरी आहेस ना’ म्हणतो आणि ठेवून देतो. दिवसभर मी कोणाशी बोलते? याच्याशी. हा निदान मान तरी हलवतो.”

साहेबांनी बूट काढले. “मग भावाला फोन कशाला करत होतीस?”

“पहिल्या दिवशी नको म्हणून एवढा तमाशा केला. आता हवा म्हणायचं, तर कोणत्या तोंडाने? वाटलं, तुम्ही हट्टी आहात, तुम्हीच वाचवाल त्याला. आणि तुम्ही?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “सुटला होता ना? मग परत कशाला गेलात?”

याचं उत्तर साहेबांकडे होतं, पण ते स्वयंपाकघरात सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना राग आला होता, वाईट वाटत होतं आणि इतक्या वर्षांनी बायकोबद्दल जरा हसूही येत होतं. ते नुसतेच तिच्याशेजारी बसले आणि भाजी निवडू लागले. चांगली पानं तेवढी फतकल्यापुढे पडत गेली.

दुसऱ्या चाचणीपर्यंत साहेबांनी स्वतःचा चहा स्वतः केला. तो इतका वाईट होत असे की अर्धा मोरीत जाई, पण नियम म्हणजे नियम. आणि मग तो दिवस आला. या वेळी बायकोही बरोबर आली होती आणि डॉक्टरांनी स्वतः टोचलं. प्रमाण थेंबाची गांधी लगेच टरारून उठली. साध्या थेंबाची जागा सपाट राहिली. काटा खरा होता, यात शंका नाही. धुळीच्या किड्यांना नाममात्र लाली. मांजर, काही नाही. आणि कुत्र्याच्या खुणेवर वाटाण्याएवढी गाठ, भोवती लाल वर्तुळ. बघता बघता ती आणखी फुगली. बायकोने तोंड फिरवलं.

“दोषी,” साहेब पुटपुटले.

“कोण? कुत्रा?” डॉक्टर म्हणाले. “त्याचा काय दोष? त्याच्या लाळेत विष नाही. याच खोलीतल्या चार माणसांना तो चाटेल, कोणाला काही होणार नाही. तुमचंच शरीर साध्या गोष्टीला शत्रू समजून लढायला उठतं. चूक मोजण्यात आहे. त्याला उपाय आहे, पण वेळ लागतो. त्याच कोंड्याचा अर्क आधी अगदी थोडा, मग थोडा थोडा वाढवत इंजेक्शनने द्यायचा. शरीराला हळूहळू कळतं. काही वर्षं जातात, आणि सगळ्यांना गुण येतोच असं नाही. कुत्रा काढणं सोपं आहे.”

साहेबांनी बाही खाली केली. मग त्यांनी डॉक्टरांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. चूक मोजण्यात आहे, ते.

रविवारी मेहुणा टेम्पो घेऊन आला. साखळी खांद्यावर. मागोमाग हेडमास्तर आणि काकूही आल्या, कारण निकालाची बातमी जिन्यातून आधीच पोचली होती. फतकल्याने सगळ्यांचं मनापासून स्वागत केलं आणि साखळीचाही वास घेऊन पाहिला.

“चला भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “तुम्हीच म्हणाला होतात, दोषी ठरला तर स्वतः सोडून येईन. बसा पुढे.”

“म्हणालो होतो,” साहेब म्हणाले. त्यांनी बाही वर केली आणि तो हात सगळ्यांपुढे धरला. “हा निकाल. पडताळणी रीतसर झाली आहे. आता मला एक सांग. तुझ्या गोदामात वजनकाटा आहे ना?”

“आहे.”

“उद्या तो बिघडला आणि चांगल्या फरशीचं वजन चुकीचं दाखवायला लागला, तर तू फरशी फेकून देशील?”

“फरशी कशाला? काटा दुरुस्तीला टाकीन.”

“मग झालं. बिघडलेला काटा मी आहे. मंगळवारी पहिलं इंजेक्शन आहे.”

हेडमास्तर काही बोलणार होते, पण काकूंनी त्यांना कोपर मारलं. मेहुण्याला अजून उमजत नव्हतं. “पण त्याला वर्षं लागतात म्हणे. आणि गुण येईलच असंही नाही. त्याला पलंगावर चढू द्यायचं नाही, रोज फडकं मारायचं, पडदे धुवायचे, हे सगळं कोण करणार? आणि तोपर्यंत तुम्ही काय करणार?”

“तोपर्यंत शिंकेन,” साहेब म्हणाले. आणि शिंकले. चांगले लागोपाठ, जिना दणाणेपर्यंत. फतकल्या घाबरून बायकोच्या पायांत शिरला. तिने वाकून त्याला उचललं आणि सगळ्या इमारतीदेखत छातीशी धरलं.

“पडदे मी धुईन,” ती भावाला म्हणाली. “तू गोदामाला मोठं कुलूप लाव.”